सासूबाईंची पाठराखीण

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर गाडी थांबवून आम्ही उसाचा रस पीत होतो. तेवढ्यात आमच्या वाडीतली एक बाई पिशव्या सावरत आली आणि माझ्या सासूबाईंना विचारायला लागली, की तुमच्याबरोबर ही गोरी कोण. सासूबाईंनी ग्लासही खाली ठेवला नाही. "माझी पाठराखीण हाय," म्हणाल्या आणि उरलेला रस संपवला.

पाठराखीण म्हणजे नव्या नवरीसोबत सासरी जाते ती. परक्या घरात पोरीला पहिले दोन-चार दिवस कुणीतरी आपलं असावं म्हणून माहेरची मावशी, नाहीतर धाकटी बहीण तिच्यासोबत राहते आणि पोर जरा रुळली की साडी घेऊन परत जाते. इथे नवरी पंचाहत्तरीची आणि निघाली होती स्वतःच्याच घरी. पाठराखीण तिच्याहून वर्षाने मोठी, आयर्लंडची, पायांत डोंगर चढायचे बूट, डोक्याला क्रिकेटच्या पंचासारखी पांढरी टोपी आणि ओठावर रसाचा फेस. त्या बाईचा चेहरा बघून मला इतकं हसू आलं की रस नाकात गेला. पाठराखणीनेच माझ्या पाठीवर थापट्या मारल्या.

गंमत बाजूला ठेवली तर सासूबाईंचं काही चुकलं नव्हतं. आम्ही आठ वर्षं आयर्लंडमध्ये काढून कायमचे परत आलो होतो आणि आमची ही शेजारीण, माझी मैत्रीण, आम्हाला घरापर्यंत सोडायला आली होती. आम्ही तिच्या देशात उतरलो तेव्हा तिने आम्हाला घरात घातलं होतं. आता आमच्या देशातही तीच घालणार, असा तिचा हट्ट. तीन आठवडे राहून ती परत जाणार होती आणि पुन्हा येणार नव्हती. हे तिने मुंबईला उतरल्या उतरल्याच सांगून टाकलं होतं, की गुडघ्यांचं काही खरं नाही, एवढा लांबचा प्रवास हा शेवटचाच. सासूबाईंनीही विमानाला लांबून हात जोडले होते. म्हणजे या दोघींची भेट पुन्हा नाही. निरोप एकदाच व्हायचा होता आणि तो नीट व्हावा, एवढंच मला हवं होतं. अडचण अशी, की समोरची आपला निरोप घेतेय हे सासूबाईंना कळणारच नव्हतं. आणि ते का, हे सांगायचं तर मला आठ वर्षं मागे जावं लागेल.

माझं माहेर महाड शहरातलं. नवरा मूळचा पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतला, पण महाडच्या एमआयडीसीत केमिकलच्या कारखान्यात कामाला. तिथल्या अनुभवावर त्याला आयर्लंडमध्ये औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली. आम्ही दोघं आणि सहा वर्षांची लेक एका नदीकाठच्या गावात जाऊन पोचलो. पाऊस असा, की नवरा म्हणाला, विमान फिरवून परत पोलादपुरातच उतरवलं की काय. आमच्याकडे भाड्याच्या घराची किल्ली होती. पण दार काही उघडेना. किल्ली फिरते, दार हलत नाही. आम्ही ढकललं, ओढलं, नवऱ्याने खांदा लावला. लेक भिजून रडायला लागली. मी नवऱ्याला तिथेच, भर रस्त्यात, महाडी आवाजात सुनवायला सुरुवात केली. तेवढ्यात शेजारच्या बुटक्या भिंतीवर एक पाय आला, मग दुसरा आला, आणि साठी उलटून बरीच वर्षं झालेली एक उंच बाई आमच्या अंगणात उतरली. तिने दाराची मूठ आधी वर उचलली, मग किल्ली फिरवली, दार उघडलं आणि सरळ आत शिरली. तिकडच्या दारांची मूठ आधी वर करावी लागते, हे आम्हाला कोण सांगणार? आमचा गृहप्रवेश असा तिने केला. आम्ही मागून गेलो.

ती शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. नवरा वारलेला, मुलगे ऑस्ट्रेलियात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना ओरडून ओरडून जागेवर बसवलेलं, त्यामुळे आम्हालाही तिने तसंच बसवलं. कुठल्या रंगाच्या डब्यात कुठला कचरा, घर गरम ठेवायचं यंत्र किती वाजता लावायचं, डॉक्टरकडे नाव कसं घालायचं, लेकीच्या शाळेत कुणाला भेटायचं, सगळं तिनेच दाखवलं. भिंतींना बुरशी आली तेव्हा घरमालकाशी भांडायला मी निघाले होते. ती म्हणाली, तू फक्त माझ्या शेजारी उभी राहा आणि दुःखी दिस. मी मनापासून दुःखी दिसले. आठवड्यात भिंती रंगवून झाल्या. गाडी चालवायलाही तिनेच शिकवलं आणि त्या काळात मला जेवढ्या शिव्या बसल्या, तेवढ्या माझ्या आईनेही कधी दिल्या नसतील.

आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर धूर झाला की वाजणारा भोंगा होता. पहिल्यांदा सुके बोंबील भाजले तेव्हा तो असा बोंबलला, की गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. मैत्रीण हातात भांडी पुसायचं फडकं घेऊन धावत आली, भोंग्याखाली उभी राहून तिने फडक्याने वारा घातला आणि भोंगा गप्प केला. मग नाक वर करून विचारलं, की हे काय आहे. आम्ही एक बोंबील भाकरीवर घालून दिला. त्यानंतर बोंबील भाजायचे असले की मी आधी तिला हाक मारायची. ती फडकं घेऊन भोंग्याखाली उभी राहायची, मी भाजायची, आणि मग सगळे मिळून जेवायचे. असं कामाचं वाटप एकदा ठरलं, ते शेवटपर्यंत टिकलं.

सासरे गेले आणि दुसऱ्या वर्षी आम्ही सासूबाईंना तिकडे नेलं. त्यांची शाळा वाडीतल्या अंगणातच सुरू होऊन अंगणातच संपलेली. इंग्रजीचा गंध नाही. मला धास्ती होती की ही बाई या थंडीत मुकी होऊन बसेल. पहिल्याच सकाळी दार वाजलं. सासूबाईंनी उघडलं. समोर मैत्रीण. तिकडे गावाकडची माणसं एकमेकांना भेटली की "हाया" म्हणतात. ती हसून मोठ्याने म्हणाली, "हाया!"

आमच्या वाडीवर 'आहे'ला 'हाय' म्हणतात, हे रायगडात कुणाला सांगायला नको. सासूबाईंना ऐकू आलं, "हाय, या." म्हणजे मी आहे घरात, या तुम्ही. त्यांना हे फारच आवडलं. दारात उभं राहून, आपल्याच दारात, ही बाई आपल्यालाच या म्हणतेय, म्हणजे किती अगत्याची. त्यांनीही तोंडभर हसून सांगितलं, "हाय, हाय. या, या." मैत्रीण आत आली. संध्याकाळी सासूबाई मला म्हणाल्या, की तू उगाच घाबरवलंस, हिकडची माणसं आपल्यासारखीच बोलतात, फक्त जरा तोंडातल्या तोंडात.

आता निघतानाची गोष्ट. आयरिश माणूस एकदा बाय म्हणून कधी जात नाही. फोन ठेवताना म्हणा, दारातून निघताना म्हणा, तो बाय, बाय, बाय, बाय असं म्हणत म्हणत दहा पावलं जातो आणि कोपऱ्यावरून आणखी दोनदा म्हणतो. आणि आमच्याकडे बाय म्हणजे काय? लाडाने पोरीला बाय, थोरल्या बहिणीला बाय, म्हातारीलाही बाय. ये गो बाय. जेव गो बाय. सासूबाईंना वाटलं, ही शेजारीण उठताना आपल्याला इतक्या मायेने, इतक्या वेळा बाय म्हणते, तर आपणही म्हटलं पाहिजे. मग भिंतीच्या या बाजूने बाय गो बाय, त्या बाजूने बाय बाय बाय. शाळेतून येणारी पोरं थांबून बघायची.

आम्ही त्यांना कधी खरं सांगितलं नाही. नवरा म्हणायचा, दोन शब्दांत दोघींचं सगळं भागतंय, आपण मध्ये कशाला पडायचं? आणि भागत होतंच. दोघी मिळून वाटाणे सोलायच्या, लेकीचे केस कुणी विंचरायचे यावरून हातवारे करून भांडायच्या, दुपारी एकमेकींच्या सोफ्यावर घोरायच्या. सहा वर्षांत मैत्रीण रोज निरोप घेऊन गेली, पण सासूबाईंच्या कानी तो एकदाही पडला नाही.

मग एका सकाळी सासूबाईंनी जाहीर केलं की त्यांना आता आपल्या दारात बसायचंय. नवऱ्याला महाडला चांगलं काम मिळत होतंच, लेकही चौदाची झाली होती आणि तिला आजीशिवाय करमत नव्हतं. ठरलं. सासूबाई वाडीवर राहणार, आम्ही महाडला आणि सुट्टीला वर. मैत्रिणीने हे ऐकलं, चहाचा कप धुऊन पालथा घातला आणि तिचं तिकीट कधीचं काढायचं, एवढंच विचारलं.

तर अशी ही वरात पोलादपुरात पोचली. पुढचे तीन आठवडे मी इतकी हसले की माझे गाल दुखायचे. मैत्रिणीने आल्या आल्या एसटीच्या ड्रायव्हरांना गुण द्यायला सुरुवात केली. ती ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसायची आणि प्रवास संपला की बोटांनी किती गुण ते दाखवायची. नवऱ्याने तिला मुद्दाम कशेडीच्या जुन्या घाटात नेलं. वळणावर एक ट्रक बंद पडला होता, तिने खाली उतरून ट्रकवाल्याला हातवाऱ्यांनी काहीतरी सांगितलं, त्याने हातवाऱ्यांनी काहीतरी उत्तर दिलं आणि दोघं पोट धरून हसले. काय झालं ते दोघांनीही आम्हाला सांगितलं नाही. वरंधच्या घाटात समोरासमोर दोन गाड्या आल्या तेव्हा एसटीवाल्याने बस अशी मागे घेतली, की मैत्रिणीने दोन्ही हातांची बोटं वर केली आणि खाली उतरताना त्याच्याशी हस्तांदोलन केलं. तो बिचारा लाजून लाल झाला.

महाडच्या बाजारात ती माझ्या माहेरच्या माणसांना भेटली, प्रत्येकाकडे चहा प्यायली आणि संध्याकाळी झोप येईना म्हणून माझ्यावरच चिडली. वाडीवर तर ती आणि सासूबाई ही रोजची जत्राच होती. सासूबाई तिला घरोघरी नेऊन दाखवायच्या. पोरं मागे. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, पाठराखीण हाय. पोलादपूरच्या शिंप्याकडे तिच्या ब्लाउजचं माप द्यायला गेलो, कारण पाठराखणीला साडी द्यायची म्हणजे द्यायचीच. खांद्याचं माप घ्यायला शिंपी शेवटी बाकावर चढला. सासूबाई म्हणाल्या, कापड कमी पडलं तर माझ्याकडे जुनी चादर हाय. मी हसत हसत दुकानाबाहेर गेले आणि बाहेर एकटीच उभी असताना माझ्या लक्षात आलं, की ब्लाउज शिवायला टाकला म्हणजे आता हिच्या जाण्याची तयारी सुरू झाली. तिथेच मला रडू आलं. शिंप्याने आतून विचारलं, हुकं लावू की बटणं.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही वाडीच्या मागच्या शेतात पोपटी लावली. थंडीचे दिवस, वालाच्या शेंगा भरलेल्या. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, कणगरांचे कंद असं सगळं भरून, थेंबभर पाणी न घालता मडकं उपडं करून त्याच्याभोवती जाळ करायचा. मैत्रीण म्हणाली, इथे भोंगा नाही ते बरं. ऊन उतरलं होतं. सासूबाई मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारून झालं का नाही ते बघत होत्या. मैत्रीण माझ्याजवळ सरकली आणि म्हणाली, की तुझ्या सासूबाईंबद्दल एक गोष्ट मला कधी कळली नाही. मी निघताना ती बाय म्हणते ते ठीक. पण जेवायला वाढतानाही म्हणते. पांघरूण घालतानाही म्हणते. एकदा मी आजारी होते तेव्हा कपाळावर हात ठेवून म्हणाली. मला वाटायचं, लवकर जेव आणि जा, असं सुचवते.

मला हसू आवरेना. मग मी तिला आमच्याकडच्या बायचा अर्थ सांगितला. लेक, बहीण, पोरी, सगळं एकात.

ती हसली नाही. हातातली शेंग तिने सोलली नाही, तशीच धरून बसली.

"म्हणजे मला ती इतकी वर्षं पोरी म्हणत होती?"

मी हो म्हटलं. तेव्हा ती म्हणाली, की आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि त्यानंतर तिला कुणीही पोरी म्हटलं नव्हतं. नवऱ्याने नाही, कुणीच नाही. मग तिने नाक पुसलं आणि धुराला दोष दिला. उद्या निघताना, ती म्हणाली, मी तिला तसंच म्हणणार, तिच्या अर्थाने. एकदाच आणि नीट. मला हे इतकं सुंदर वाटलं की मी तिला मिठी मारली. तिच्या स्वेटरला भांबुर्डीचा वास येत होता.

सकाळी सासूबाई वाटेसाठी भाकऱ्या थापत होत्या. गाडी यायला अवकाश होता. नवरा तिच्याबरोबर मुंबईपर्यंत जाणार होता, मी येऊ नये असं मैत्रिणीनेच फर्मान काढलं होतं, विमानतळावर रडारड नको म्हणून. मी चुलीपाशी बसून भाकरीला पाणी लावत होते. सासूबाईंनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तिच्यात निघताना काय बोलतात गो? आज मला तिच्यात बोलायचं हाय."

काहीही सांगता आलं असतं. निरोपाचे आणखी चार इंग्रजी शब्द होते माझ्याकडे. पण त्यांनी इतक्या साधेपणाने विचारलं होतं, आणि आजच्या दिवशी त्यांना खोटं कसं सांगायचं?

"बाय म्हणतात, आई."

"ता ती रोजच बोलते की."

भाकरी तव्यावर फुगली, करपायला लागली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. पिठाचे हात मांडीवर टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, श्वास लागेपर्यंत हसल्या. म्हणजे ती उठायची जायला आणि मी म्हणायची काय माया हाय बायची, असं म्हणून पुन्हा हसल्या. मीही हसले. दोघींनी मिळून ती भाकरी जाळून कोळसा केली. मग त्यांनी डोळे पुसले आणि नवीन गोळा हातात घेतला.

"पण आज तिनं तसं बोलू नये," त्या म्हणाल्या. "आज मला ते ऐकवणार नाय."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मैत्रीण आज बाय म्हणणार होती ते आमच्या अर्थाने. सासूबाई ऐकणार होत्या तिकडच्या अर्थाने. सहा वर्षं दोघी अगदी सुखाने चुकत होत्या आणि मी एका संध्याकाळीत आणि एका सकाळीत दोघींना शहाणं करून सगळं उलटं करून ठेवलं होतं. मी उठून मैत्रिणीला गाठायला धावले, तर अंगणात गाडी आलेली, ड्रायव्हर बॅग चढवतोय, नवरा पासपोर्ट पासपोर्ट म्हणून ओरडतोय, आणि शेजारपाजारचं सगळं माणूस गोळा झालेलं. मैत्रीण साडी नेसून दारात उभी होती. खाली बूट तेच. वाडीतल्या बायका तिच्या निऱ्या ओढून नीट करत होत्या. मला तिच्यापर्यंत पोचताच येईना.

सासूबाई बाहेर आल्या. मैत्रीण वाकली, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. जन्मात कधी ज्या बाईने हा शब्द एकदाच म्हटला नव्हता, तिने तो त्या दिवशी एकदाच म्हटला. हळू, नीट.

"बाय."

"नाय," सासूबाई म्हणाल्या आणि हात काढून घेतले.

मैत्रिणीचा चेहरा पांढरा पडला. तिने माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनीही माझ्याकडे पाहिलं. मी बायकांना ढकलत दोघींच्या मध्ये घुसले आणि समजावायला लागले. सगळं समजावलं, कोणाला काय माहीत होतं, मी कोणाला काल काय सांगितलं, आज काय सांगितलं. दोघी माझ्याकडे बघतच राहिल्या. नवरा गाडीतून म्हणाला, अगं, तू आईशी इंग्रजीत बोलतेस आणि तिच्याशी मराठीत. अंगणातलं सगळं माणूस हसायला लागलं. मला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं, या वेळी ज्याचं त्याला.

सासूबाईंना आधी कळलं. मैत्रिणीच्या गालांवर त्यांनी पिठाचे दोन्ही हात ठेवले. "जा गो बाय," म्हणाल्या. "सांभाळून जा." मैत्रिणीला त्यातला एकच शब्द येत होता, पण तो तिला आता दोन्हीकडून येत होता. ती हसतही होती आणि रडतही होती, आणि गालांवर पिठाची बोटं घेऊन तशीच गाडीत बसली. सगळी वाडी बाय बाय ओरडली. धूळ उडवत गाडी उताराला लागली. मला वाटलं, जमलं. जसा हवा होता तसाच निरोप झाला. मी इतकी खूष होते की शेजारणीला टाळी दिली.

आणि मग माझ्या लक्षात आलं की माझा राहिला.

आठ वर्षं. दार उघडून दिलं, गाडी शिकवली, माझ्या लेकीला तापात रात्रभर मांडीवर घेऊन बसली, आणि मी तिला निघताना एक शब्द बोलले नव्हते. बोलले होते ते दुसऱ्यांचं. मी धावत सुटले. पायातली एक चप्पल पहिल्याच वळणावर गेली, दुसरी मीच भिरकावली. चाळिशी ओलांडलेली बाई पदर खोचून अनवाणी उतार उतरतेय आणि मागून वाडीतली कुत्री. खालच्या वळणावर जांभ्या चिऱ्यांचा टेम्पो आडवा झाला होता म्हणून गाडी थांबलेली. मी काच ठोठावली. तिने ती खाली केली.

मला धाप लागली होती. काय बोलायचं ते सगळं वाटेत सांडलं होतं. मी म्हटलं, "मला तुझा निरोप घ्यायचाय." आणि तिचा हात धरून रडायलाच लागले.

तिने मला थोडा वेळ रडू दिलं. मग बसमधल्या पोरांवर ओरडायची त्या आवाजात विचारलं, की तू इथे आहेस तर तुझ्या सासूबाईंजवळ कोण आहे? मी म्हटलं, शेजारणी आहेत. शेजारणी आता आपापल्या कामाला गेल्या असतील, ती म्हणाली. "मला विमानात दोन जेवणं मिळतील आणि चार सिनेमे. तिच्यासमोर फक्त रस्ता आहे. जा मागे, लवकर."

तिचं मी आठ वर्षं ऐकत आले होते. तेव्हाही ऐकलं. टेम्पो बाजूला झाल्याचा, गाडी सुरू झाल्याचा आवाज मागून आला, तोपर्यंत मी अर्धी चढण चढले होते. तळवे सोलवटत होते, खडे टोचत होते आणि मी जमेल तेवढ्या जोरात पळत होते. अंगण रिकामं झालं होतं. शेजारणी खरंच गेल्या होत्या. सासूबाई दारात उभ्या होत्या, एकट्या, आणि रस्त्याकडे बघत होत्या.